ब्रेक ऑइल कधी बदलायचं, हवा कशी काढायची : मासळीच्या गाड्यांसाठी



जाळं, होडी, बर्फ, बीज यावर आपण नेहमी बोलतो. पण मासळी पाण्यातून बाहेर आली की पुढचं सगळं काम गाडीवर असतं. भीमपूर भागातून पहाटे निघालेला माल आदिलाबादच्या बाजारात पोचवायचा, नाहीतर पैनगंगा ओलांडून महाराष्ट्रात न्यायचा. कुणाकडे पिकअप आहे, कुणाकडे छोटा हत्ती, कुणाकडे मालवाहू ऑटो. तेलंगणा सरकारच्या मत्स्य योजनेतून आणि २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून बर्फाच्या डब्याची तीनचाकी, दुचाकी वाहनंही मच्छिमारांपर्यंत आली. गाडी आली की आपण इंजिन ऑइल वेळेवर बदलतो, टायर बघतो. ब्रेकचं ऑइल मात्र "आहे ना डबीत, मग झालं" असं म्हणून सोडून देतो.

बऱ्याच गाड्यांत घेतल्या दिवशी भरलेलं ब्रेक ऑइल पाच-सहा वर्षं तसंच असतं. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी चालते तोवर काही कळत नाही. भरलेली गाडी घाटात उतरू लागली की कळतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून आज हा विषय नीट, पहिल्यापासून घेतो.

पायडल दाबलं की आत काय होतं

ब्रेकचं पायडल दाबलं की त्याच्यामागचा मास्टर सिलिंडर ऑइलला ढकलतो. पातळ पदार्थ दाबला तरी आकसत नाही, त्यामुळे तो दाब पाइपातून जसाच्या तसा चारही चाकांपर्यंत जातो. पुढे डिस्क असेल तर कॅलिपर पॅड आवळतो, मागे ड्रम असेल तर व्हील सिलिंडर लायनर फाकवतो. सतराव्या शतकात फ्रान्सच्या पास्कलने सांगितलेला हाच नियम.

पण पाइपात हवेचा बुडबुडा असेल तर? हवा आकसते. मग तुमच्या पायाचा जोर चाकाऐवजी तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतो. पायडल पोचट लागतं, खाली जातं, गाडी थांबत नाही. आणि हवा बाहेरूनच येते असं नाही, वाफसुद्धा तेच करते. खरा धोका इथे आहे.

ऑइलमध्ये पाणी येतं कुठून

नेहमीचं ब्रेक ऑइल म्हणजे तेल नव्हेच. ते ग्लायकोल जातीचं रसायन आहे आणि हवेतला ओलावा ओढून घेणं हा त्याचा स्वभाव आहे. उघड्या डब्यातलं मीठ पावसाळ्यात पाणी धरतं, तसंच. डबीच्या झाकणातून, रबरी पाइपातून, रबराच्या सीलमधून ओलावा हळूहळू आत जातो. गळती नसली तरी जातो.

आपल्या गाड्यांना तर ओलावा दुप्पट. पावसाळ्याचे चार महिने आहेतच, वर बर्फाचं पाणी रोज गाडीखाली ठिबकतं. होडी किंवा जाळं चढवायला गाडी मागे घेत काठाच्या चिखलात, कधी पाण्यातसुद्धा जाते.

नवीन ऑइल २०० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. त्यात शंभरात तीन-चार भाग पाणी मिसळलं की तोच आकडा ६०-७० अंशांनी खाली येतो. शिवाय पाण्यामुळे आतले लोखंडी सिलिंडर गंजतात, गंजाचे कण रबरी सील कापतात आणि मग गळती सुरू होते.

घाटात किती उष्णता होते, हिशेब करून बघा

समजा मालासकट गाडी २५०० किलो आहे आणि ती २०० मीटर उंचीवरून खाली आली. सगळं काम ब्रेकनेच केलं, तर तयार होणारी उष्णता ३० अंशांवरच्या सुमारे १६ लिटर पाण्याला उकळी आणेल एवढी असते. हंडाभर पाणी उकळायला चुलीवर किती लाकूड लागतं ते घरातल्या बायांना विचारा. तेवढी उष्णता त्या चार चाकांच्या डिस्क-ड्रममध्ये जाते. त्यातली काही हवेत जाते, काही ऑइलपर्यंत पोचते.

निर्मलजवळचा जुना महबूब घाट आहे, माहूरच्या रेणुकादेवीचा डोंगर आहे. माल नसला की त्याच गाडीत मागे पोरंबाळं, म्हातारी माणसं बसवून आपण माहूरला जातो. वरून उन्हाळ्यात आदिलाबादचा पारा ४४-४५ वर. जुनं, पाणी धरलेलं ऑइल अशा वेळी चाकाजवळ उकळतं, वाफ होते आणि पायडल एकदम पाटीला टेकतं.

यातली फसवी गोष्ट अशी : गाडी अर्धा तास उभी केली की वाफेचं परत पाणी होतं आणि पायडल पुन्हा छान लागतं. ड्रायव्हर म्हणतो "आता बरं झालं", आणि दुखणं तसंच राहतं. उतारावर एकदा जरी पायडल पोचट झालं असेल, तरी ऑइल बदलल्याशिवाय ती गाडी भरायची नाही.

कोणतं ऑइल घ्यायचं

बाटलीवर 'डॉट' आणि पुढे आकडा असतो. डॉट म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याने घालून दिलेलं माप. आपल्याकडे बाटल्यांवर तेच छापलेलं असतं. प्रत्येक डॉटला दोन आकडे : नवीन ऑइल कमीत कमी किती अंशांवर उकळावं, आणि सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर कितीवर.

डॉट ३ : नवीन २०५ अंश, पाणी धरल्यावर १४० अंश.
डॉट ४ : नवीन २३० अंश, पाणी धरल्यावर १५५ अंश.
डॉट ५.१ : नवीन २६० अंश, पाणी धरल्यावर १८० अंश.
डॉट ५ : आकडे ५.१ सारखेच, पण जात वेगळी. हे सिलिकॉनचं असतं.

आता निवड कशी करायची?

पहिलं, डबीच्या झाकणावर वाचा. तिथे डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. झाकण बदललेलं असेल तर गाडीचं पुस्तक बघा.

दुसरं, झाकणावर डॉट ३ असेल तर साधारणपणे डॉट ४ चालतं, दोन्ही एकाच जातीची आहेत. भरलेली गाडी आणि उतार असेल तर डॉट ४ बरंच. उलटं मात्र करू नका : डॉट ४ लिहिलेल्या गाडीत स्वस्त मिळतं म्हणून डॉट ३ घालायचं नाही.

तिसरं, डॉट ५ आणि डॉट ५.१ यांत गल्लत करू नका. ५.१ हे ३ आणि ४ च्याच जातीचं आहे, पण महाग, आणि आपल्या कामाला त्याची गरज पडत नाही. डॉट ५ चं सिलिकॉन या तिघांपैकी कशातच मिसळायचं नाही. ते बहुधा जांभळं असतं.

चौथं, सीलबंद बाटलीच घ्या. दुकानदाराने अर्धी वापरून ठेवलेली बाटली फुकट दिली तरी नको, तिने ओलावा धरलेला असतो. चार चाकं पूर्ण बदलायला साधारण लिटरभर ऑइल लागतं. वरून भर घालायची असेल तर छोटी बाटली घ्या. मोठी उघडून वर्षभर फळीवर ठेवण्यात फायदा नाही.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं : डबीत दुसरं काहीही घालू नका. इंजिन ऑइल, होडीच्या इंजिनाचं ऑइल, स्टिअरिंगचं ऑइल, डिझेल, रॉकेल, काहीच नाही. या तेलांनी ब्रेकचं रबर फुगतं. काही वेळाने ब्रेक सुटत नाहीत, चाकं जाम होतात, आणि मास्टर सिलिंडरपासून पाइपांपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं. शेडमध्ये होडीचे आणि गाडीचे डबे एकाच फळीवर असतात, तेव्हा ब्रेक ऑइलची बाटली वेगळी ठेवा.

हवा काढणं वेगळं, ऑइल बदलणं वेगळं

हवा काढणं म्हणजे पाइपातला बुडबुडा बाहेर येईपर्यंत थोडं ऑइल सोडणं. पाइप बदलला, व्हील सिलिंडर खोलला, डबी रिकामी झाली, की हे करावंच लागतं. ऑइल बदलणं म्हणजे जुनं सगळं काढून नवीन भरणं. पद्धत तीच, फक्त जास्त वेळ करायची. वरच्या डबीतलं ऑइल काढून नवीन ओतलं म्हणजे बदललं असं होत नाही. उकळतं ते चाकाजवळचं, आणि ते तिथेच राहतं.

दर दोन वर्षांनी बदला. गाडीच्या पुस्तकात त्याहून कमी मुदत असेल तर ती धरा. आमचं म्हणणं, दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत करा. पावसाळ्यात धरलेला ओलावा निघून जातो, आणि उन्हाळ्यात तळ्यांचं पाणी उतरून माल वाढतो तेव्हा गाडी तयार असते. भर पावसात, उघड्यावर हे काम नको.

काम कसं करायचं

मिस्त्रीकडून करून घेतलं तरी हे वाचा, म्हणजे समोर उभं राहून बघता येईल. ब्रेकचं काम कधीच केलं नसेल तर पहिल्या वेळी जाणकार माणूस सोबत घ्याच.

सामान : लिटरभर ऑइल, निपलच्या मापाचा रिंग पाना (बहुधा ८, १० किंवा ११ नंबर), निपलवर घट्ट बसेल अशी हातभर पारदर्शक नळी, एक प्लास्टिकची बाटली, नवी सिरिंज, स्वच्छ फडकं, बादलीभर पाणी, आणि पायडलवर बसायला एक माणूस.

१. आदल्या दिवशी चारही निपल तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर गंज सोडवायचं स्प्रे मारून ठेवा. बर्फाच्या पाण्याने मागचे निपल हमखास गंजलेले असतात. उघड्या तोंडाचा पाना लावला की कोपरे झिजतात, म्हणून रिंग पानाच. जोर करूनही हलत नसेल तर थांबा. निपल तुटला तर व्हील सिलिंडर बदलावा लागतो.

२. गाडी सपाट जागी, चाकांना पुढून-मागून दगड लावून. पिकअपखाली तशीच जागा असते, बहुतेक वेळा जॅक लागत नाही. लागलाच तर नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, लोखंडी स्टँड हवेत.

३. पिकअपवाल्यांनी एक ध्यानात घ्या. बऱ्याच पिकअपला मागच्या अ‍ॅक्सलजवळ वजन बघून ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याला एक सळई किंवा स्प्रिंग जोडलेली दिसते. चेसिसखाली स्टँड लावून मागची चाकं लोंबती ठेवली तर तो व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे, आणि मागचं ऑइल अडवतो. म्हणून गाडी चाकांवर ठेवा, नाहीतर स्टँड अ‍ॅक्सलखालीच लावा.

४. डबीच्या झाकणाभोवतीची माती आधी पुसा, मग झाकण उघडा. सिरिंजने जुनं ऑइल काढा, नवीन वरच्या रेघेपर्यंत भरा. झाकण नुसतं वर ठेवा.

५. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून. आपल्या गाड्यांत स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून क्रम साधारण असा : मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, पुस्तकात असेल तो खरा.

६. निपलवर आधी रिंग पाना घाला, मग नळी बसवा. नळीचं दुसरं टोक बाटलीत, आणि बाटलीत थोडं नवीन ऑइल, टोक त्यात बुडलेलं राहील असं. नाहीतर नळीतून हवा परत आत जाते.

७. आता दोघांचं काम, मोठ्याने बोलत. खालचा म्हणतो "दाब". वरचा सावकाश दाबतो, धरून ठेवतो आणि "दाबलं" म्हणतो. खालचा निपल पाव ते अर्धा फेरा सोडतो, ऑइल बाहेर येतं, पायडल खाली जातं. पाय तसाच राहतो. खालचा निपल बंद करून म्हणतो "सोड". मगच पाय उचलायचा. निपल उघडा असताना पाय उचलला तर हवा आत ओढली जाते.

८. पायडल पार पाटीला नेऊ नका, खाली लाकडाचा छोटा ठोकळा ठेवा. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचा तळाचा भाग कधी वापरात नसतो, तिथे गंज असतो. सील तिथपर्यंत गेलं की कापलं जातं.

९. दर पाच-सहा दाबांनंतर डबी बघा. ऑइल खालच्या रेघेखाली गेलं आणि हवा आत शिरली, तर सगळं पहिल्यापासून. बुडबुडे बंद होऊन काळ्या चहासारखं ऑइल जाऊन स्वच्छ पिवळसर येऊ लागलं की त्या चाकाचं झालं. निपल बेताने आवळा, रबरी टोपी बसवा आणि पुढच्या चाकाकडे जा.

१०. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं. लायनर किंवा पॅडवर पडलं असेल तर धुऊन वापरू नका, बदला.

एबीएस असलेल्या गाडीत नुसतं ऑइल बदलणं याच पद्धतीने होतं. पण त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली तर कंपनीच्या मशीनशिवाय ती निघत नाही. अशा गाडीत डबी रिकामी होऊ देऊ नका.

ऑटोलाही हीच पद्धत, चाकं तीन. मोपेडचे ब्रेक केबलवर असतात, तिथे ऑइलच नाही. केबल आणि लायनर बघा. मोटरसायकलला पुढे डिस्क असेल तर हँडलवरच्या डबीतलं ऑइलही दोन वर्षांनी बदला.

लगेच रस्त्यावर काढू नका

इंजिन चालू करून पायडल मिनिटभर दाबून धरा. घट्ट राहिलं पाहिजे. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. चारही निपल कोरडे आहेत का पाहा. मग रिकामी गाडी सपाट जागी हळू चालवून थांबवून बघा. माल त्यानंतर.

पायडल काय सांगतं

पोचट आहे, पण दोन-तीनदा मारल्यावर घट्ट होतं : हवा आहे, किंवा मागचे लायनर सैल पडलेत.
दाबून धरलं की सावकाश खाली जातं : गळती किंवा सील. नुसती हवा काढून भागणार नाही.
पायडल घट्ट, पण गाडी थांबत नाही : ऑइलचा दोष नाही. बूस्टर, लायनर बघा.
पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रेक कमी लागतो : ड्रम ओले आहेत. हळू चालवत हलके-हलके ब्रेक मारा, सुकतात. रोज पाण्यात जाणाऱ्या गाडीचे ड्रम अधूनमधून खोलून आतला गाळ काढा.
डबीतलं ऑइल कमी होतंय : पॅड झिजले की थोडं उतरतं. भराभर उतरत असेल तर गळती. नुसती भर घालत बसू नका, चाकाच्या आतल्या बाजूला ओल शोधा.

जुनं ऑइल पाण्यात नको

हे आपण नाही सांगायचं तर कुणी? काढलेलं ऑइल नाल्यात ओतलं की ते पैनगंगेत नाहीतर तळ्यात जातं. ते विषारी आहे, आणि ग्लायकोल पाण्यात कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. ढगाळ सकाळी मासे वर येऊन तोंड उघडतात, तेव्हा प्राणवायू कमी झाल्याचं आपल्याला कळतं. तीच अवस्था आपल्या हाताने आणायची नाही. जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात भरा, वर नाव लिहा आणि गॅरेजमध्ये द्या. इंजिनच्या जळक्या ऑइलमध्ये मिसळू नका.

पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत तर कधीच ठेवू नका. घरात पोरं असतात. कुणी चुकून प्यालंच तर उलटी काढायच्या नादी न लागता थेट दवाखाना, आणि बाटली सोबत न्या.

ऑइल नवं असलं तरी

घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरायचं नाही. इंजिन बंद झालं की बूस्टरचा जोर दोन-तीन दाबांत संपतो आणि पायडल दगडासारखं होतं. पाय सतत ब्रेकवर ठेवून घासत उतरू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा.

उतारावर पायडल गेलंच तर भराभर मारत राहा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, आणि डोंगराच्या बाजूला, मातीत-झुडपात गाडी घाला. दरीकडे नाही.

लिटरभर ऑइल काही शे रुपयांत येतं, काम दोन तासांचं. एका क्रेट मासळीच्या पैशात दोन वर्षांचा घोर मिटतो. या आठवड्यात एवढंच करा : डबीचं झाकण उघडून ऑइलचा रंग बघा आणि मागचं ऑइल कधी बदललं होतं ते आठवा. आठवत नसेल, तर बदलायची वेळ झाली असं समजा. बदललं की तारीख आणि डॉट नंबर बॉनेटच्या आत रंगाने लिहून ठेवा, म्हणजे गाडी भावाच्या हाती असो की पोराच्या, दोन वर्षांनी विचारावं लागणार नाही.